मेल कुठे साठतो?

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो, ही मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मुरबाडला नेमणुकीस होतो. एका सकाळी एक कारखानदार चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर घेऊन आले आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "चोरी यात आहे, साहेब."

मॉनिटरमध्ये मेल नसतो एवढं मला कळत होतं. पण मग तो असतो कुठे, हे आमच्या ठाण्यात कोणालाच सांगता येईना.

तक्रार अशी की, कारखान्याचे दर ईमेलने गिऱ्हाइकाला जायचे आणि त्याच दिवशी प्रतिस्पर्ध्यालाही कळायचे. मेल पाठवणारी एकटीच, खर्डीजवळच्या पाड्यावरची मुलगी. उंबरमाळीकडे तिचं लग्न ठरलेलं. मालकांनी तिलाच चोर ठरवून टाकलं होतं.

महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला.

"मी फक्त पाठवते, साहेब. पुढं ते कुठं जातं, मला नाय ठाव. तुमी शोधा ना."

खोटं बोलणारा माणूस लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतो, असा माझा अनुभव. तिने कोणाचंच नाव घेतलं नाही.

दोन दिवसांनी कारखान्याबाहेरच्या टपरीवाल्याने खबर दिली. मालकांचे जावई प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतून उतरताना त्याने पाहिले होते. मी मालकांना विचारलं, "ईमेलचं सगळं कोणी करून दिलं?"

"जावईबापूंनी. घरच्या माणसाला काय विचारायचं?"

मेल ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग, जावयाने स्वतःच्याच नावावर घेतली होती. सर्व्हर मुंबईतल्या एका कंपनीचा. त्या कंपनीला रीतसर पत्र दिलं. उत्तर आलं की प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाते, आणि ती सोय जावयाच्याच पासवर्डने केलेली आहे. ते उत्तर समोर ठेवल्यावर जावयाने पाणी मागितलं. "भागीदारी देतो म्हणाले होते सासरे," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी मालक हात जोडून हजर. "माझी तक्रार नाही. पोरगी त्याच्या घरात नांदतेय, साहेब." चौकशी अर्जावरची होती, गुन्हा नोंदलेला नव्हता. अर्ज निकाली निघाला. मला मालकांची चीड आली.

मुलीला बोलावून तिचा दोष नसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मालकांनी आमच्या पाड्यावर यावं नि चार माणसांत सांगावं. मला बाकी कायबी नको."

मालक गेले नाहीत. शेवटी मीच गेलो. पाड्यावरची माणसं जमली, नवऱ्यामुलाचा चुलताही येऊन बसला. मी स्पष्ट सांगितलं, "ही मुलगी निर्दोष आहे."

एका म्हातारीने विचारलं, "मंग चोर कोन, बाबा?"

कागदोपत्री गुन्हाच नव्हता, चोर म्हणून नाव कोणाचं घेणार? "ते सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हंजे हिलाच झाकताय," म्हणत चुलता उठला. तिचा बाप त्याच्या मागे धावला, पण तो थांबला नाही. ते लग्न मोडलं.

तपास लागला की पोलिसाचं काम संपलं, असं आम्ही मानतो. पण लोकांना चोराचं नाव हवं असतं. ते मिळालं नाही, तर हाताशी असलेलं नाव ते सोडत नाहीत.

निघताना मुलगी जीपपर्यंत आली. "साहेब," ती म्हणाली, "तुमी आला नसता तरी चाललं असतं. कालपर्यंत लोक नुसते संशय घेत होते."