काळा तलाव ते दुर्गाडी, आणि कुसुम कोण याचं उत्तर

हे लिहायला मला भाग पाडलं ते आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने. रविवारपासून तिथे 'कुसुम कोण?' यावर चर्चा चालू आहे. धाकट्या जाऊबाईंचा तर्क वागळे इस्टेटमधल्या कुणा टायपिस्टपर्यंत पोचला आहे. फोनवर एकेकाला उत्तर देत बसायला मला वेळ नाही. शिवाय या ब्लॉगवर मी केदारनाथ लिहिलं, हंपी लिहिली, पण ज्या गावात वाढले त्या कल्याणातला तासाभराचा रस्ता कधी लिहिला नाही, अशी वाचकांची तक्रार आहे. दोन्ही कामं एकदम उरकते.

माझे यजमान शरद यांना मागच्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालतात. शब्द मात्र गेले. समजतं सगळं. पेपर चाळतात, मॅच बघताना बरोबर जागी हळहळतात, पण हवी ती वस्तू मागता येत नाही. चहा हवा असला तरी 'ते', पंखा बंद करायचा असला तरी 'ते'. आणि हाक मारता येत नाही. एकदा बाथरूममध्ये पडले. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. आवाज शिट्टीत बुडाला, आणि हे तसेच फरशीवर पडून राहिले, मी सहज डोकावेपर्यंत. तेव्हापासून ते जिथे, तिथे मी. शेजारच्या खोलीत बसून दोन पानं वाचायचीही सोय राहिली नाही.

भाषोपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिच्याकडे चित्रांची कार्डं आहेत, त्यात एक माझ्या फोटोचं. "काका, या कोण? व... वसु..." हे ओठ घट्ट मिटतात आणि कार्ड पालथं घालतात. ती गेली की मी तीच उजळणी घेते. गेल्या वेळी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, परीक्षा जरा बंद ठेवा. त्यांच्या ओळखीच्या जागी फिरवून आणा. काही विचारू नका. आपोआप जे येईल ते घ्या."

ओळखीच्या जागा उरल्यात किती? ह्यांचं डोंबिवलीचं घर पाडून तिथे टॉवर झाला. वागळे इस्टेटमध्ये ज्या कारखान्यात हे ड्राफ्ट्समन होते, तिथे आता काचेचं ऑफिस आहे. राहिलं कल्याण. माझं माहेर काळ्या तलावाजवळ होतं. मला बघायला हे तिथेच आले होते. चहापोहे झाल्यावर वडील म्हणाले, जरा दुर्गाडीपर्यंत जाऊन या, आणि सोबत माझ्या चुलतभावाला दिलं. त्या काळी एवढी मोकळीक म्हणजे फार होती. तोच रस्ता पुन्हा चालायचा असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी सातला ठाण्याहून निघालो. गाडी सून मृणाल चालवत होती. माजिवड्यावरून नाशिक हायवे, रांजणोली नाक्याला उजवीकडे, कोनगाव, दुर्गाडी पूल. मेट्रोच्या कामामुळे रस्ता जागोजागी अडवलेला असतो. रविवारी लवकर निघालात तरच या वाटेने या, नाहीतर ट्रकांच्या मागे बसून राहाल. पुलावर खाडी दिसली तेव्हा ह्यांनी काच खाली केली. मी काही विचारलं नाही.

मृणालने गाडी तलावाशी लावली. काळ्या तलावाला आता चांगला फिरायचा रस्ता केलाय, बसायला बाकं आहेत, पहाटेपासून माणसं असतात. काठीवाल्यांना हा टप्पा सोपा आहे. माझ्या लहानपणी इथे म्हशी डुंबायच्या. आमचं घर होतं तिथे चार मजली इमारत आहे, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी फार वेळ बघत उभी राहिले नाही.

हे मात्र कठड्याला काठी टेकवून पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काळा."

मृणाल पटकन जवळ आली. "काय बाबा? पाणी काळं दिसतंय?"

"काळा तलाव."

"हो, पण आता नाव बदललंय बाबा. तो बोर्ड बघा. भगवा तलाव."

ह्यांनी बोर्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मला त्यांची जुनी नापसंतीची मुद्रा कित्येक महिन्यांनी दिसली. "काळा," ते म्हणाले आणि चालू लागले.

मृणालने मागून माझा दंड दाबला. "आई, दोन शब्द. सलग."

"ऐकलं मी," मी म्हटलं. "टोकू नकोस त्यांना."

"मी कुठे टोकलं? बोर्ड दाखवला फक्त."

तिथून जुन्या गावात शिरायचं. सुभेदारवाडा बघा, पेशवाईतला, तिथे आता शाळा भरते. रविवारी बाहेरूनच दिसतो. पुढे पारनाका. त्रिविक्रमाचं देऊळ इथलंच. घाई न करता आत जा, मूर्ती शांतपणे बघण्यासारखी आहे. रस्ते अरुंद, फुटपाथ नावापुरता, आणि स्कूटरवाले अंगावरून जातात. म्हाताऱ्या माणसाला आतल्या बाजूने चालवा. गावाच्या नाक्यांची नावं मी मनातल्या मनात म्हणत होते. ह्यांना ऐकवायची फार इच्छा होती, पण तोंड बंद ठेवलं.

पारनाक्यापाशी एका छोट्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तिघांचे तीनशेही झाले नाहीत. मालक मोकळा माणूस. "काका, काय आणू अजून? तर्री?"

ह्यांनी मान हलवली. "ते."

"पाव?"

"ते. ते."

"लिंबू देतो. कांदा देऊ? दही?" त्याने बिचाऱ्याने बशीमागून बशी मांडली. शेजारच्या टेबलावरचा एकजण हसून म्हणाला, "शेट, सगळं हॉटेलच आणून ठेव आता." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ह्यांचा चेहरा उतरला. चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांना पाणी हवं होतं. ग्लास रिकामा होता, ते मला उशिरा दिसलं.

बाहेर आल्यावर मृणाल हळूच म्हणाली, "आई, घरी जाऊ या का? दमलेत ते. आजच्यापुरतं झालं ना."

मलाही तसंच वाटत होतं. पण हे पुढे निघाले होते, आणि बरोबर वळणावर वळले होते. मग मृणालला म्हटलं, तू परत जाऊन गाडी घेऊन गडाखाली ये, आम्ही दोघं चालतो.

लाल चौकीपर्यंतचा टप्पा कंटाळवाणा आहे, हे सरळ सांगते. मोठा रस्ता, बस, धूळ. ज्यांना झेपणार नाही त्यांनी इथे रिक्षा करावी, कमीपणा नाही त्यात. आम्ही दोनदा थांबलो. एकदा रसवंतीच्या बाकावर, एकदा एका बंद दुकानाच्या पायरीवर. दुकानाच्या पायरीवरून उठताना ह्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढची काही पावलं हात तसाच ठेवला.

दुर्गाडी किल्ला म्हणजे फार उंच काही नाही. खाडीकाठची टेकडी. शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं इथल्या खाडीत बांधायला घेतली, असं आम्ही शाळेत शिकलो. जुना बुरूज, वर देवीचं देऊळ, खाली संथ पाणी. चढ मात्र आहे आणि उन्हाच्या आधी चढावा. मृणाल पोचली होती. तिने ह्यांना पायथ्याच्या कट्ट्यावर बसवलं आणि मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ घेऊ लागली. मी चढाच्या सुरुवातीला बसलेल्या फुलवालीकडे गेले, ओटीचं सामान घेतलं आणि सवयीने तशीच वर निघाले. माझी चाल भरभर आहे, माहेरपासून.

"आगो बाय," फुलवालीने मला मागून हटकलं. "तो बाबा कुनाला हाका मारतंय बघ."

मी थांबले. आणि मग मला ऐकू आलं.

"कुसुम."

स्पष्ट. मोठ्याने. हे कट्ट्यावरून उठून उभे राहिले होते, काठी पुढे टेकवलेली.

"कुसुम. हळू."

मृणाल गोंधळून इकडेतिकडे बघत होती. "बाबा, कुणाला? कोण कुसुम? आई, कुसुम कोण?"

कुसुम म्हणजे मी. लग्नापर्यंत मी कुसुम होते. लग्नात नाव बदलायची पद्धत. सासूबाईंनी वसुधा ठरवलं, ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने ते लिहिलं, आणि रेशनकार्डापासून बँकेपर्यंत मी वसुधा झाले. पण ह्यांनी ते नाव घरात कधी घेतलं नाही. 'अगं' एवढ्यावर आमचा संसार झाला. भाऊ मला ताई म्हणतो, त्यामुळे कुसुम हा शब्द आमच्या घरात कुणाच्या कानावर पडलेला नाही. त्या पहिल्या दिवशी मात्र, लग्न ठरायच्या आधी, मी या चढावर चुलतभावाला आणि ह्यांना मागे टाकून पुढे गेले होते, आणि मागून हाक आली होती. परक्या मुलीला 'अगं' कसं म्हणणार? त्यामुळे नावाने मारली होती. कुसुम, हळू.

भाषोपचाराच्या कार्डावर वसुधा लिहिलं होतं. ते मीच लिहायला सांगितलं होतं, कारण सगळ्या कागदांवर तेच आहे. इतके महिने आम्ही दोघी त्यांच्याकडून भलतंच नाव काढून घ्यायला बघत होतो.

मी खाली आले. "आले," म्हटलं. "हळूच जाऊ."

ह्यांनी मान डोलावली. मृणालला उत्तर द्यायचं सोडून मी ह्यांच्यासोबत चढाला लागले. तिने तेवढ्यात व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, 'बाबा बोलले, पण ही कुसुम कोण?' असं विचारून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जाऊबाईंनी टायपिस्टची आता रजा मंजूर करावी.

देवीचं दर्शन सावकाश झालं. वरून खाडी बघत बराच वेळ बसलो. परतीला पूल मोकळा होता, अकराच्या आत ठाण्याला पोचलो. ज्यांना हा रस्ता चालायचा आहे त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा, पाण्याची बाटली स्वतःची घ्यावी, आणि सोबतच्या माणसाच्या चालीने चालावं.

सगळे शब्द परत आलेले नाहीत. मिसळीचं नाव अजून 'ते'च आहे. भाषोपचारवाल्या मुलीने फोटोखालचं नाव बदललं, आणि ते कार्ड ह्यांनी या वेळी पालथं घातलं नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी हे बाहेरच्या खोलीत होते आणि मी, बऱ्याच दिवसांनी, एकटी स्वयंपाकघरात. हाक आली, "कुसुम, पाणी." पाणी दिलं. पुन्हा आली, "कुसुम, चष्मा." चष्मा दिला, तर मान हलवली, टीव्हीकडे बोट केलं, रिमोट दिला. आमटीला फोडणी घालत होते तेव्हा आणखी एकदा आली. गॅस बंद करून गेले. काही मागितलं नाही, नुसता हात पुढे केला होता. हात दिला.