माठाजवळची डबी

आता हसा मला पोटभर, त्यासाठीच लिहितेय! चौथी शिकलेली बाई मी. पण वर्तमानपत्राच्या जोरावर मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही वाचते. दांडिया बाजारात माझ्यापुढे शहाणपणा करायची कुणाची टाप नाही. म्हणूनच तर घोळ झाला.

गेल्या चैत्रात किंजल नावाची मुलगी आली. आर्किटेक्चर शिकणारी. पत्र्याखाली माणसं उन्हाळा कसा काढतात, यावर तिचं संशोधन. आमच्या माडीवर पत्राच. तिथे माझी नणंद, कुसुमवन्सं. गुडघे गेलेले, दिवसभर खाटेवर. त्यांच्या उशाशी किंजलने खिळ्याला काडेपेटीएवढी डबी टांगली. खोली किती तापते ते टिपणारी.

“बा, पंदर दिवस डबीने अडता नहीं, हां!”

हात लावू नका म्हणे. पुढेही बरंच बोलली. पण पुरतं ऐकून घ्यायची मला सवय कुठे? मला एवढंच कळलं, की घराघरांचे आकडे छापून येणार. म्हणजे समोरच्या जिग्नाबेनचं घर गार आणि आमचं तापलेलं? सासऱ्यांनी संस्थानात नोकरी करून बांधलेलं घर!

किंजलची पाठ फिरताच डबी खाली आणली, माठाच्या तिवईवर ठेवली, भोवती ओलं फडकं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. पोटच्या पोरांचे केले नाहीत एवढे लाड!

वरून हाक आली, “वहिनी, डबी कुठे नेलीत?”

“खाली. गारव्याला.”

“मग माझीही खाट टाका की बैठकीत. भट्टी झालीय इथे.”

“बैठकीत खाट? आल्यागेल्याला कसं दिसेल? पंखा आहे ना वर!”

“गरम वाराच फिरवतो हो तो.” मग हसल्या. “डबीचं नशीब चांगलं.”

मीही हसले. हसले हो मी!

सोळाव्या दिवशी डबी परत खिळ्याला. आकडे बघून किंजल नाचायचीच बाकी राहिली. दोन दिवसांनी तिचे सर आले. पत्र्याखाली घाम पुसत विचारतात, “बा, आटलुं ठंडुं केम रहे छे?”

इतकं गार कसं राहतं म्हणे! मी काय सोडते? खिडकीची दिशा, भिंतीतला चुना, वाऱ्याची वाट... अर्धा तास व्याख्यान ठोकलं. सरांनी लिहून घेतलं! वन्सं पदराने वारा घेत ऐकत होत्या. घराची अब्रू त्यांनीही राखली.

वैशाखात किंजलच्या आकड्यांची यादी घेऊन गल्लीत माणसं आली. ज्यांचे आकडे जास्त, त्यांच्या पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग. जिग्नाबेनचा पत्रा झाला, शेजारचा झाला. मी धावले, “आणि आमचा?”

त्यांनी यादी पुढे केली. आमच्या नावापुढे इंग्रजीत लिहिलेलं, गरज नाही. मला वाचता येतं ना!

तेव्हा तरी तोंड उघडावं? नाही उघडलं.

ज्येष्ठात पाऊस लांबला. एका दुपारी ताक घेऊन वर गेले, तर वन्सं गेलेल्या. पदर मुठीत तसाच. डॉक्टर म्हणाले, उष्मा.

त्या संध्याकाळी त्यांना खाली आणलं. बैठकीत ठेवलं. आलेगेले सगळे होते.

यंदा किंजल पुन्हा आली. डबी त्याच खिळ्याला टांगली. खाटेवर आता मी झोपते. काल आकडे बघून ती चक्रावलीच.

“बा, गये वर्षे तो केटलुं ठंडुं हतुं! डबी बगडी गई लागे छे.”

“डबी ठीक आहे गं,” म्हटलं. “गेल्या वर्षी बिघडलेली मी होते. हेही लिहून घे.”