मस्टर या शब्दापायी

आधी बाईंचं सांगतो. सोलापुरात शुक्रवार पेठेत ज्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहतो त्या बाई, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या नसत्या तर मी केव्हाच एस.टी.त बसून सांगोल्याकडं परतलो असतो. आणि तिकडं जाऊन करायचं काय, या विचारानं तेव्हा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सातवीतून शाळा सुटली तसा मी दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलो. तिथं कारकून सकाळी मस्टर उघडायचा, एकेक नाव पुकारायचा, आपण हजर म्हणायचं की झालं. सोलापुरात गिरणीत बदली कामगारांत, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते घेतात त्यांच्यांत, नाव लागलं तेव्हा वाटलं, इथंही तसंच असणार. भोंग्याच्या आधी फाटकाशी जायचो, धक्के नकोत म्हणून मागं भिंतीला लागून उभारायचो आणि कान देऊन ऐकत राहायचो. नाव काही यायचं नाही. माणसं निवडणारा मुकादम, म्हणजे जॉबर, पुढच्यांतले काही आत घ्यायचा, फाटक लागायचं. मग दिवसभर नुसता फिरायचो. हॉटेलात बसवायचं नाही, खोलीत थांबवायचं नाही. महिनाभर काम न मिळालेल्याचं नाव काढून टाकतात, असं ऐकलेलं, आणि महिना सरत आलेला.

जिन्यावरच्या माझ्या येरझाऱ्यांनी बाई वैतागल्या. खाली बोलावून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. माझं काही चुकलं असेल म्हणून पुकारत नसतील का, असंही विचारलं. बाईंनी जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेतली. मला वाटलं, झाली शिकवणी सुरू. त्या वाचून सांगू लागल्या, मस्टर हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं मोन्स्त्रारे, म्हणजे दाखवणं. फौजेतले शिपाई रांगेत उभे करून दाखवायचे, ते मस्टर. वही नंतरची.

"आधी माणूस दिसला पाहिजे की, मग नाव," बाई म्हणाल्या. "तू भिंतीला चिकटून उभारतोस. जॉबरला काय स्वप्न पडतंय होय रे?"

दुसऱ्या दिवशी कोपरं मारत पुढं घुसलो आणि जॉबरच्या नाकासमोर उभारलो. त्यानं वरखाली बघितलं.

"नवा हायस व्हय?"

महिना झाला येतोय, म्हणालो.

"मग कुटं दडला हुतास?"

मागचे हसले. त्यानं खांद्याला धरून आत ढकललं, तेव्हा कुठं कारकुनानं माझं नाव मस्टरात लिहिलं.

आजही मी बदलीच आहे. रोज पहाटे तीच धाकधूक, पुढं जागा मिळते की नाही. पण नाव टिकलं. बाई उपकाराचा शब्द काढू देत नाहीत, कानडीत काहीतरी पुटपुटून विषय तोडतात. त्यांचं माहेर कर्नाटकच्या सीमेवरल्या दुधनीचं. गुडघे धरल्यापासून तिकडं जाणं झालेलं नाही, एकटीला गाडीत चढवत नाही. कायम झालो की पहिली रजा त्यासाठीच काढणार. हाताला धरून त्यांना दुधनीला नेईन, भावाच्या दारापर्यंत.