खडीवाल्या शरणप्पाची सही

दुधनीच्या अलीकडे, बोरगट्टी गावाला खेटून रेल्वेची डबल लाइन गेलीय. दुसऱ्या लाइनीखालची काळी खडी शरणबसव कलशेट्टीच्या क्रशरवरची. गावात त्याला कुणी कलशेट्टी म्हणत नाही, खडीवाला शरणप्पाच म्हणतात. बापानं ठेवलेल्या चार एकरांत कुसळसुद्धा धड उगवायचं नाही, नुसता खडक. शरणप्पानं तोच फोडून विकला. सुरुवातीला एक जुना ट्रॅक्टर होता आणि त्यावर ड्रायव्हर सोमलिंग. दगड दोघंच भरायचे, दोघंच उतरवायचे. वीस वर्षांत क्रशर आला, टिपर आले आणि रेल्वेचं कंत्राटही आलं.

डबल लाइनीचं काम निघालं तेव्हा रेल्वेच्या साहेबांनी शरणप्पाला बोलावून घेतलं. "फाटक बंद करून खालून रस्ता काढायचाय. ग्रामसभेची संमती तेवढी मिळवून द्या. गाव तुमचं ऐकतं."

शरणप्पा घरोघर फिरला. संमतीच्या कागदावर पहिली सही त्याचीच पडली.

फाटक गेलं, लाइनीखाली बोगदा झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात छातीएवढं पाणी साचलं. शेतं पलीकडं, हायस्कूल पलीकडं, लिंगायतांची दफनभूमीही पलीकडंच. कुणी विषय काढला की शरणप्पा म्हणायचा, "हुईल की. साहेबांच्या कानावर घातलंय." असे तीन पावसाळे गेले.

२०२२ च्या ऑगस्टात सोमलिंग वारला. रीतीप्रमाणे त्याला विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या पालखीत, बसवलं. भजन म्हणत लोक निघाले आणि बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबले. आत गढूळ पाणी हलत होतं. पंप आणायला गेलेला माणूस परत येईना. दुपार टळली. तेव्हा सोमलिंगची बायको बसम्मा शरणप्पासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"मालक, तुमच्या शब्दावर ह्यांनी अंगठा दिलता. आता ह्यांना कुटनं न्यायाचं, तेवढं सांगा."

शरणप्पानं चपला काढल्या, विमानाचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला आणि भराव चढून थेट लाइनीवर गेला. मागून सगळा गाव चढला. गाडी अडवायला दोन्ही अंगांना लाल फडकी घेऊन गावची माणसं उभी राहिली. लांबवर एक मालगाडी भोंगा देत थांबली. सोमलिंग पलीकडं गेला.

आठवड्यात एकोणीस जणांवर गुन्हा दाखल झाला. पहिलं नाव शरणप्पाचं. साहेबांनी सोलापूरला बोलावलं, चहा मागवला.

"तुम्ही आपले माणूस. गावकऱ्यांनी जबरदस्ती केली असं लिहून द्या, नाव काढता येईल."

"जबरदस्ती कुणी केली न्हाई, साहेब. पुढचा खांदा माजाच हुता."

"मग कंत्राटाचं अवघड होईल."

"हुऊ द्या." चहा तसाच ठेवून तो उठला.

कंत्राटाची मुदत संपली, ती वाढली नाही. टिपर दारात उभे राहिले. नागव्वा, त्याची बायको, कधी धंद्यात बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "साकु री, पुरे झालं. साहेब लोकांशी भांडून क्रशर चालंल व्हय?"

"न्हाई चालायचा."

"मग?"

"सरपंचाला उबारतोय."

तिसऱ्या दिवशी अर्जाला लागणारे कागद नागव्वानंच ट्रंकेतून काढून त्याच्यापुढं टाकले.

समोर जुना सरपंच सोमेश पाटील होता. त्यानं संमतीपत्राच्या झेरॉक्स काढून घरोघरी वाटल्या. "बघा, फाटक ह्यानंच घालवलं! आता मत मागतोय!" शरणप्पाच्या प्रचारातल्या पोरांनी सल्ला दिला, सही खोटी म्हणून सांगू. शरणप्पानं त्यांना गप्प केलं आणि बसवेश्वर चौकात खुर्चीवर उभा राहिला.

"कागद खरा हाय. सही माजीच हाय. तवा मला गावापरीस कंत्राट मोटं दिसलं. चुकलो. माफ करायचं का न्हाई, ते तुमी ठरवा." त्यानं झेरॉक्स वर धरली. "पर ह्या कागदाच्या तळाला ग्रामसभेच्या अध्यक्षाचीबी सही हुती. ती झेरॉक्समदी कापलीया. अध्यक्ष कोण हुता, ते पाटलांना इचारा!"

चौक हसला. मग बसम्मा उठून त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि हसणं थांबलं.

शरणप्पा एकेचाळीस मतांनी निवडून आला.

पुढं रेल्वेच्या कोर्टात तारीख लागली. "गुन्हा कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कबूल. पर बोगद्यात पाणी असलं आन् गावात मयत झालं, तर परत जाणार. आजच सांगून ठिवतो."

वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं, दंड ठोठावला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

मग सुरू झाले सोमवार. दर सोमवारी सरपंच सोलापूरच्या गाडीत बसायचा, रेल्वेच्या कचेरीत फाटकाचा तोच अर्ज नव्या तारखेनं द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायचा नाही. शिपाई चेष्टा करायचे. दुसऱ्या वर्षी बोगद्यापासून ओढ्यापर्यंत चर खोदला गेला, मोठा पंप बसला. पाणी छातीवरून गुडघ्यावर आलं. लोकांनी हार आणला तर शरणप्पानं घेतला नाही. "गुडघा म्हंजे पानीच की! फाटक न्हाईतर वरनं पूल, त्याबिगर मी गळ्यात काय घालून घेत न्हाई."

यंदा खडीचं नवं टेंडर निघालं. एका ठेकेदाराकरवी निरोप आला, फाटकाचा विषय सोडला तर काम परत मिळेल. त्या सोमवारी शरणप्पानं एका खिडकीवर टेंडर भरलं आणि शेजारच्या खिडकीवर पुलाच्या मागणीचा अर्ज दिला, गावातल्या सगळ्या बायकांच्या सह्यांसकट.

कारकून हळूच म्हणाला, "सरपंच, दोन्ही एकाच दिवशी? साहेबांना आवडायचं नाही."

"आवडावं म्हणून आनलंच न्हाई," शरणप्पा म्हणाला. "दोन्हीची पोच द्या."