आक्काचे पाय

डॉक्टरांनी चादर वर केली, आक्काची डावी पोटरी हलकेच दाबली आणि ती कळवळली. पाय सुजून तुकतुकीत झाला होता. "थ्रॉम्बोसिस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे?" मी विचारलं. मग त्यांनी समजावलं, "शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. आता हा पाय हलवू नका, चोळूही नका."

आक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर ती वडगावला माहेरी आली आणि घरच्या हातमागाला जुंपली गेली ती कायमचीच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सूत मिळेना तेव्हा कुठे तिला उसंत मिळाली, आणि नेमकी तेव्हाच तिच्या पोटात गाठ होऊन दुखू लागली. बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. ते अगदी छान पार पडलं.

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसानं हलायचं नाही, टाके तुटतील, अशी तेव्हाची रीत. मलाही ती पटली होती. जन्मभर राबली बिचारी, आता तरी सुखानं पडू दे, असं मी भेटायला येणाऱ्यांना कौतुकानं सांगायचो.

आक्काला मात्र पडून राहणं जमेना. चादरीखाली तिचे पाय चालायचे, उजवा, डावा, उजवा, डावा, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. ते बघून मला हसू यायचं.

"आक्का, हितं माग न्हाय," नर्सबाई म्हणाल्या. खानापूरकडच्या त्या, फार मायाळू. "गप पडून ऱ्हावा बघू."

"पाय वळवळत्यात हो बाई. जरा खाली उतरू द्या की."

नर्सबाईंनी तिच्या गुडघ्यांखाली जाड उशी सारली, पाय हलू नयेत म्हणून. आक्का माझ्याकडे वळली. "तू तरी सांग की रं."

"त्या सांगत्यात तसं ऐक की गं," मी म्हणालो. तिचे पाय थांबले.

पोटरी दुखायला लागली ती त्यानंतर. डॉक्टरांनी पाय बघितला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेज पिता पिता तिनं वाटी खाली ठेवली. "छातीत कळ आली रं," एवढंच बोलली. डॉक्टर धावत आले, पण कुणाचं काही चाललं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. एम्बोलिझम म्हणतात त्याला. पोटाचे टाके मात्र शाबूत होते.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पडून राहिलं की पायातलं रक्त संथ होतं. रोग्याला लवकर उठवावं, असं हल्ली काही डॉक्टर म्हणतात. मला ते धाडसाचं वाटत होतं."

नंतर काही काळानं हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मीच त्या दवाखान्यात गेलो. एकाही खाटेवर गुडघ्यांखाली उशी दिसली नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याच नर्सबाई वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या, "चला, माग चालवा!" सगळ्या खाटांवरच्या चादरी हलू लागल्या. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या जवळ आल्या. मला त्यांनी ओळखलं होतं. "अण्णा, हलवा पाय," त्या हळूच म्हणाल्या. "हे आक्कांचंच हाय."

मी रडत रडत पाय हलवले. संध्याकाळी त्यांनी मला धरून उभंही केलं. आज मी धडधाकट आहे, आणि त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन झालं, तर याला कधी उठवायचं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आम्ही सगळेच आक्काला आराम द्यायला धडपडत होतो. तिनं तो मागितलाच नव्हता. जरा खाली उतरू द्या, एवढंच म्हणत होती.