बरं वाटेल आणि बरं होईल

सुमनबाईंना स्ट्रेचरवरून बेडवर घेतलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या दात आवळून होत्या. अंगाला घाम, हातापायांना कंप, जुलाब सुरू. थोड्याच दिवसांपूर्वी याच बाई माझ्याशी गप्पा मारत लिफ्टपर्यंत चालत गेल्या होत्या. मी त्यांच्या मुलाला, निलेशला विचारलं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

"बंद केल्या, सिस्टर," तो म्हणाला. "आता थेरपी चालू आहे ना."

मी स्टूल ओढून बसले.

सुरतेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी पॅलिएटिव्ह वॉर्डची सिस्टर आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार हटत नसला तरी माणसाचा त्रास हटवायचा. दुखणं, मळमळ, धाप, झोप न येणं, भीती, सगळं त्यात आलं. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे खानदेशातलं कुणी आलं की बोलायला मलाच पुढे करतात.

सुमनबाई भेस्तानला राहायच्या. नवरा आत्माराम पॉवरलूमवर, निलेश पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात. बाईंचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. दुखण्यासाठी त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ही गोळी दुखलं की घ्यायची नसते, घड्याळ लावून घ्यायची असते. ती एकदम तोडली की दुखणं उसळून परत येतंच, शिवाय सवय झालेलं शरीर घाम, जुलाब, तगमग असं सगळं एकदम सुरू करतं. समोर तेच चाललं होतं.

आमच्याकडे त्या सुमारास कॉम्प्लिमेंटरी थेरपी सुरू झाली होती. तेलाचा हलका मसाज, श्वासाचे व्यायाम, थोडं संगीत. हे औषधाच्या जोडीला असतं, औषधाच्या जागी नाही. पण कॉरिडॉरमध्ये बोर्ड लागला, 'दवा वगर आराम', म्हणजे औषधाशिवाय आराम. मी अ‍ॅडमिनच्या साहेबांना सांगितलं की हे चुकीचं आहे. ते म्हणाले, आता छापून झालंय.

आमच्या डॉक्टर मॅडम आल्या, तपासलं, इंजेक्शनने मॉर्फिन पुन्हा जपून सुरू केलं. दुपारपर्यंत सुमनबाईंचा आवळलेला जबडा सैल पडला. मग मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

"त्या मसाजवालीला माझ्या वॉर्डात पाय ठेवू देऊ नका. बाईंचा मणका किती पोकळ झालाय, माहीत आहे ना? कुणी पाठ दाबली तर?"

मी म्हटलं, आधी तिला विचारू. मसाज करणारी हेतलबेन आली ती रडवेली होऊनच. तिने पाठीला हातही लावला नव्हता, फक्त हातपाय चोळले होते. गोळ्यांचं तर तिला काहीच माहीत नव्हतं.

"मैंने दवा बंद करने को नहीं बोला, सिस्टर. मैंने बोला, सारुं लागशे."

"आपने बोला था, सारुं थई जशे," निलेश म्हणाला.

सारुं लागशे म्हणजे बरं वाटेल. सारुं थई जशे म्हणजे बरं होऊन जाईल. खरं कोण बोलत होतं ते मला आजही माहीत नाही. पण बोर्ड निलेशने वाचलाच होता. त्यात दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की मॉर्फिन म्हणजे अफूच, आईला नशा लावतायत. गोळीने आई दिवसभर पेंगायची, पोट साफ होत नव्हतं. त्याला आई जागी हवी होती. त्याच्यावर चिडायचं ठरवूनही मला चिडता आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, थेरपी बंद. निलेश म्हणाला, मग आईला घरी नेतो आणि दुसरीकडे मसाज करवून घेतो. दोघेही माझ्याकडे बघायला लागले. माझी ड्यूटी संपत आली होती, पाय सुजले होते आणि मला कुणाचीच बाजू घ्यायची इच्छा नव्हती. मी म्हटलं, बाईंना विचारलंय का कुणी?

आम्ही सगळे बेडपाशी गेलो. सुमनबाई माझ्या माहेरच्यासारखीच अहिराणी बोलायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि काय हवं ते विचारलं.

"गोयी द्या माले," त्या म्हणाल्या, म्हणजे गोळी हवीच. "पन त्या पोरीले बंद नका करू. ती हात लावस माले. घरमा आते कोनी हात लावत नही."

आत्माराम दाराशी उभे होते. ते खाली बघायला लागले. मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. शेजारच्यांनी मनात भरवलं होतं की हा आजार चिकटतो. घरात सुमनबाईंची ताटली वेगळी केली होती, अंथरूण वेगळं केलं होतं. छातीवरच्या जखमेला वास येतो म्हणून दूर बसायची सवय लागली होती. कुणी काही ठरवून केलं नव्हतं, होत गेलं होतं. मी सांगितलं की कॅन्सर हात लावून पसरत नाही. निलेश आईच्या उशाशी जाऊन बसला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून तसाच राहिला.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, ठीक आहे, पण पाठ आणि कंबर सोडून, आणि गोळ्या बंद करायचा शब्द कुणी काढायचा नाही. मग त्यांनी तिथूनच अ‍ॅडमिनला फोन केला. संध्याकाळी बोर्ड उतरला. माझ्या सांगण्याने न झालेलं काम एका फोनने झालं. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढी ताकद उरली नव्हती.

पुढचे काही दिवस हेतलबेनने आत्मारामांना शिकवलं. तेल किती घ्यायचं, तळव्यापासून वर कसं जायचं, सुजलेल्या हाताला नुसतं हलकं कसं कुरवाळायचं. पहिल्यांदा ते बायकोच्या पायाला बोटांची टोकंच लावत होते.

"जरा जोरमा," सुमनबाई म्हणाल्या. "मी काय काचनी नही."

"जोरमां नहीं, काका," हेतलबेन घाईने म्हणाली. तेव्हा सुमनबाई हसल्या. मी त्यांना त्या आजारपणात हसताना पहिल्यांदाच बघितलं.

गोळ्यांबरोबर पोट साफ राहायचं औषध वाढवलं, पेंग कमी झाली. निलेशने मोबाइलवर गोळ्यांचे अलार्म लावले. त्या घरी गेल्या, आणि शेवटी वारल्या त्याही घरीच. त्यानंतर आत्माराम उरलेल्या गोळ्या परत द्यायला आले. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवता येत नाही, परत करावं लागतं. गोळ्या वेळेवर दिल्या म्हणाले, पायही रोज चोळले. सकाळी चोळता चोळता तिला झोप लागली, ती उठलीच नाही. मग दाराकडे जाताना थांबून म्हणाले, "ताई, आधी सांगितलं असतं कोणी, तर आधीच लावला असता हात."

तेव्हापासून मी नातेवाइकांना समजावून झालं की विचारते, आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं? अर्ध्या वेळा भलतंच ऐकायला मिळतं. मग पुन्हा पहिल्यापासून. हेतलबेनलाही तीच सवय लावली. याला वेळ फार लागतो. तो वॉर्डात आणायचा कुठून, हे मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही.