यफेत अम्मोंचा ताफ

यफेत अम्मो बोलण्याआधी नाक ओढतात, मग डावी भुवई वर चढते, मग येतं, "बघ बेटी." पहाडावरच्या आमच्या वस्तीत ही नक्कल माझ्याइतकी कुणालाच जमत नाही. त्यांच्यासमोर केली तर म्हणतात, भुवई अजून चढव, स्वस्तात उरकू नकोस.

अम्मो म्हणजे काका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न झालं नाही. आमची सामरी जमातच मुळात मूठभर, त्यात त्यांच्या वेळी मुली फारच कमी. मग त्यांनी तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या, पोथ्यांशी संसार थाटला. हातानं उतरवायच्या, बोरूनं. आमच्यात लिहिणारा आपलं नाव मजकुरातच पेरतो. पानाच्या मधोमध फट सोडायची आणि ओळी अशा जुळवायच्या, की शास्त्रातलीच अक्षरं त्या फटीत एकाखाली एक येऊन त्याचं नाव वाचता यावं. पदरचं एकही अक्षर घालायचं नाही. पोरंबाळं असलेल्यांना ही हौस असते. अम्मोंच्या मागे तेवढंच राहणार होतं.

यफेत म्हणजे आमच्या लिपीत तीन अक्षरं. दोन बसली आणि हाताला कंप सुटला. शेवटचा ताफ, म्हणजे त, राहिला.

तेव्हा माझ्या दुसऱ्या काकांची मुलगी सिहाम कामाला लागली. ती खाली नाबलुस शहरात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं अम्मोंच्या जुन्या पानांवरून त्यांच्या हातचं एकेक अक्षर घेतलं, कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराचा जगभर ठरलेला असतो तो नंबर त्याला दिला आणि राहिलेला मजकूर टाइप केला. ताफ बरोबर फटीत बसला. अम्मोंनी पडद्याजवळ नाक नेलं, नाक ओढलं आणि वडिलांना हलवा आणायला पिटाळलं.

मग वडीलधाऱ्यांनी ठरवलं, पोथी सगळ्यांच्या फोनवर हवी. फोनवर ओळी भलतीकडेच मोडल्या. ताफ जाऊन कडेला बसला, आधीची दोन अक्षरंही पांगली.

"सिहाम, त्याला मधे घे," अम्मो म्हणाले.

"घेतला होता, अम्मो. पडदा लहान झाला की ओळ मोडते. हा ताफ आहे, एवढंच तो नंबर सांगतो. कुठे उभं राहायचं ते त्यात नसतं."

"मग घाल त्यात."

"ते माझ्या हातात नाही हो."

कुणाच्या हातात आहे, हेही त्यांनी विचारून पाहिलं. सिहाम म्हणाली, पानांचे फोटो घालते, जसंच्या तसं राहील.

"फोटो भिंतीवर लावायला," अम्मो म्हणाले. "पोथी लोक वाचतात. वाचता वाचता मी भेटायला हवा."

त्यांच्या हातात फोन थरथरला की पान उभ्याचं आडवं व्हायचं आणि अक्षरं पुन्हा पळायची. शेवटी मी तो टेबलावर आडवा ठेवला आणि अक्षरांचा आकार कमीजास्त करत बसले. एका मापाला तिन्ही अक्षरं एकाखाली एक आली. मी हात काढून घेतला. सिहामनं चहाचा पेला खाली ठेवला नाही, टेबल हलेल म्हणून.

अम्मो वाकले. पान पुरं झालं की ते शेवटच्या अक्षराखाली बोट टेकवतात, ही त्यांची जुनी सवय. तसंच टेकवायला गेले. कापतं बोट काचेवर दोनदा लागलं, पान मोठं झालं, ओळी मोडल्या.

मी पुन्हा जुळवायला घेतलं. कितीतरी मापं फिरवून पाहिली, पण ते माप काही सापडेना. अम्मोंनी हात खिशात घातला होता.

"राहू दे बेटी," ते म्हणाले. या वेळी नाकही ओढलं नाही.